इमासचं पोट

"हात गार आहेत गं माझे. थांब, चुलीवर शेकते, मग लावते." रेंगानिस लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या सुईणीचा हा आवाज तिने ऐकला होता. डॉक्टरकी शिकता शिकता तो कुठेसा विरून गेला. तासिकमालाया शहराच्या सरकारी इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात, त्या सकाळी तो अवचित कानाशी आला.

समोर आठ वर्षांची इमास. थॅलेसेमियाची पोर, दर महिन्याला रक्त चढवायचं, तेव्हा जगायचं. पिवळट चेहरा, काडीसारखे हात आणि घागरीसारखं पोट. रक्ताची पिशवी अजून आली नव्हती. तोवर शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली होती.

"अशी वाढलेली प्लीहा पुस्तकात नाही मिळायची," निवासी डॉक्टर युधा म्हणाला. "सगळ्यांनी दाबून घ्या. परीक्षेत हीच येते."

"खालून सुरू कर ना, उजवीकडून," इमासने एकाला टोकलं. "आणि मला श्वास घ्यायला सांगितलंच नाहीस. नापास तू."

सगळे हसले. उशाशी बसलेली तिची आई, बू कोकोम, सगळ्यांत जास्त हसली. "दाबा डॉक्टर, दाबा. सवय आहे तिला."

रेंगानिसची पाळी आली. पोरीचं तोंड हसत होतं; पायांची बोटं मात्र चादरीत घट्ट रुतली होती.

"घाबरतेस काय, तेह?" इमासने थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. "दाब की. मग मला चिलोकचे गोळे आणून दे, जास्त तिखटाचे."

रेंगानिसने हात मागे घेतला. "मी नाही तपासणार."

"मग तुझ्या नोंदवहीत सहीही नाही," युधा हळूच म्हणाला. "उद्या खेड्यात असंच पोर आलं आणि तुझ्या हाताला कळलं नाही, तर? दयेनं निदान होत नाही, बाईसाहेब."

तोही खोटं बोलत नव्हता.

विभागप्रमुख हसानाहबाई मागे उभ्या होत्या. "शिकायला हवंच, युधा. पण विचारलंस कुणाला?"

"आई हो म्हणाली की."

"रक्ताची वाट बघणारी आई दुसरं काय म्हणेल? जिला नको म्हणायची सोय नाही, तिच्या होकाराला होकार समजू नये. पोरीला बरं करणं आपल्या हातात नाही. हात आवरणं तरी आहे."

युधाने हात खिशात घातले.

वाचकहो, शिकणारे हात आपल्या सगळ्यांच्याच लेकरांना लागणार आहेत, लागायलाच हवेत. पण त्याआधी विचारणं, आणि आलेला नकार ऐकून घेणं, हाही त्याच विद्येचा भाग आहे.

हसानाहबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "बू कोकोम, नको म्हणालात तरी रक्त मिळेल. पलंगही जाणार नाही. खरं सांगा."

बू कोकोम हसायला गेली. ओठ हलले, हसू आलं नाही. तिने लेकीकडे पाहिलं, मग कुणाकडेच नाही.

"दुखतं तिला," ती म्हणाली. "दर वेळी दुखतं. इथून घरी गेलं की मी पोटावरून हात फिरवायला जाते, तर मलासुद्धा म्हणते, आई, तू तरी नको लावूस."