सातव्या खेपेचा पेला

माझे सासरे चित्रकलेचे मास्तर, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. मी जन्मापासून आंधळी, नोकरी टेलिफोनवरची आणि तोंड जरा फटकळ. अंधशाळेने बाबांना पुस्तक लिहायला सांगितलं. कागदाच्या घड्या घालून वस्तू करायच्या, पण चित्र एकही नाही, सगळं शब्दांत. अट अशी की मी पास केलं तरच सोमवारी छापायला जाणार. निवृत्तीनंतर माणूस पहिल्यांदा हौसेने कामाला लागलेला, आणि परीक्षा सुनेच्या हातात.

पहिलाच धडा पेल्याचा. कॉम्प्युटरने वाचून दाखवलं, "कागद असा दुमडा." असा म्हणजे कसा, डोंबल? परत पाठवलं. मग आलं, "रंगीत बाजू वर घ्या." मी कपाळाला हात लावला. सहा वेळा पेला केला, सहा वेळा त्यात पाणी ओतलं, सहा वेळा माझी मांडी भिजली.

"सासऱ्याला नापास करताना काहीच वाटत नाही का गं तुला?"

"पाणी गळतंय, बाबा. मी काय करू?"

एक मात्र होतं, या महिन्यात बाबा सुधारले होते. एरवी खुर्ची वाटेत सोडून जायचे आणि मी ठेचकाळायची. आता खुर्ची टेबलाखाली, चपला भिंतीशी, चहाचा कप रोज त्याच कोपऱ्यात. म्हटलं, चला, साठीनंतर का होईना, अक्कल आली.

शनिवारी सातवा मसुदा आला. "गुळगुळीत बाजू टेबलाला लावा. कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी घडी घाला. लांब कड पोटाशी घ्या. उजवं टोक समोरच्या तिरक्या कडेवर न्या. नवी कड बोटाने तपासा, पोटाजवळच्या कडेला समांतर लागली पाहिजे. नसेल तर उलगडा. मीही तीनदा उलगडलं."

पेला झाला. पाणी ओतलं. थेंब गळला नाही. मला इतका आनंद झाला की पेला तसाच घेऊन उठले, बाबांना दाखवायला.

तेवढ्यात बाहेर भिंतीवरून तळहात घासत येण्याचा आवाज आला. या घरात तो आवाज फक्त माझा होता.

"बाबा, कधीपासून?"

ते थांबले. "नजरेतलं मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं अजून. घरात कोणाला बोललो नाही. म्हटलं, आधी पुस्तक पास होऊ दे, नाहीतर तू दया म्हणून पास करशील."

"मी? दया?"

ते हसले. मला मात्र रडू फुटलं. त्या खुर्चीवरून मी काय काय बोलले होते. मी पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी काठ बोटाने चाचपला आणि पाणी पिऊन टाकलं.

"ब्रेल जमेल का गं मला, या वयात?"

"चुकलात तर परत पाठवीन."

पुस्तक सोमवारी छापायला गेलं. मंगळवारी बाबांनी ब्रेलमध्ये स्वतःचं नाव टोचून माझ्या हातात दिलं. दोन अक्षरं चुकली होती. मी परत पाठवलं.