चारशे दहा

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी सगळा जन्म दारं वाजवण्यात गेला. मी एक जुना तपासनीस आहे. खरं तर अडीचशे ओळींचा एक प्रोग्राम. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल मातीच्या एका आदिवासी वस्तीत चित्रकारांचं केंद्र आहे, तिथल्या संगणकात माझा मुक्काम.

मला लिहिलं लॉरेनने. ती याच वस्तीतली, अॅलिस स्प्रिंग्जला जाऊन संगणक शिकून आलेली. केंद्राच्या वेबसाइटवर चित्रं, गाणी, एकेका चित्रकाराचं पान, आणि त्यांच्याकडे नेणाऱ्या नऊशे लिंका. त्यातली कुठली तुटली ते पाहायला पूर्वी तिला प्रत्येक लिंक स्वतः दाबावी लागे.

"बसून बसून बूड चपटं झालं माझं," ती एकदा करवादली.

"आधी कुठे गोल होतं?" मेव्हिस आंटी कॅनव्हासवरून मान वर न करता म्हणाली, आणि जमिनीवर बसून रंगवणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. त्याच आठवड्यात माझा जन्म झाला.

दर सोमवारी सकाळी सहाला मी आपोआप निघत असे. एकेका दाराशी जाऊन विचारायचं, "आहेस का?" आतून आकडा येई. दोनशे म्हणजे आहे. चारशे चार म्हणजे असं इथे कोणी सापडत नाही. जे सापडत नाही ते मी 'तुटलेले' म्हणून यादीत लिही. लॉरेन चहाचा मग घेऊन येई आणि म्हणे, "काय रे भोचक, आज कोणाकोणाच्या घरात डोकावलास?" पण यादी वाचून खूश होई. ते माझे फार सुखाचे दिवस होते.

मग मेव्हिस आंटीचा मुलगा गेला. चित्रकार होता, गायचाही सुरेख. त्या दिवसापासून वस्तीत त्याचं नाव कोणी घेतलं नाही. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, चेहरा पाहायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, नाहीतर त्याचा पाय इथून निघत नाही. त्याच नावाचा एक वायरमन होता, त्यालाही लोक एका रात्रीत 'कुमंजयी', म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही तो, असं म्हणू लागले. गेलेल्याचं घर डहाळ्यांनी झाडून बंद केलं. आंटी वस्तीबाहेर, उघड्यावर, शोकाला बसली. लॉरेन तिच्या नात्यातली. जाण्याआधी तिने त्याचं पान बंद केलं आणि तीही तिकडे जाऊन बसली.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी मी ते दार वाजवलं, तर आतून वेगळाच आकडा आला. चारशे दहा. म्हणजे, होतं, आता नाही, शोधू नका. हा आकडा आपोआप येत नाही, कोणीतरी स्वतःच्या हाताने ठेवावा लागतो. पण माझ्याकडे दोनच खाने होते, ठीक आणि तुटलेलं. मी 'तुटलेलं' लिहिलं.

केंद्राचा नवा व्यवस्थापक ट्रिस्टन मेलबर्नहून आला होता. माणूस वाईट नव्हता, पण यादीत काही तांबडं, म्हणजे तुटलेलं, दिसलं की त्याला चैन पडत नसे. त्याने मला आणखी वीस ओळी जोडल्या. तुटलेलं पान दिसलं, की साठ्यातली जुनी प्रत काढून जागच्या जागी लावायची. "आता कोणी बघायलाही नको," तो म्हणाला. खरं सांगतो, मलाही आनंदच झाला.

सोमवार उजाडला. मी ते पान परत उभं केलं. केंद्राच्या दालनात मोठ्या पडद्यावर वेबसाइटची पानं आपोआप बदलत असतात. दहाच्या सुमाराला तो पडद्यावर आला. हसला, आणि गाऊ लागला.

नऊ बायका रंगवत होत्या. एकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग एकेक जण उठली आणि रंगांच्या डब्या उघड्या टाकून निघून गेली.

लॉरेन धावत आली. "लाज नाही वाटत तुला?"

"देवाशप्पथ, मी त्या पानाला हातसुद्धा लावला नाही!" ट्रिस्टन म्हणाला, आणि ते खरं होतं. तिने पडदा बंद केला, पान बंद केलं. ती दर वेळी बंद करी, आणि सोमवार आला की मी पुन्हा उघडी. दुसऱ्या सोमवारी तो शोकाच्या जागी, आंटीशेजारी बसलेल्या एका पोरीने वेबसाइट उघडताच तिच्या फोनमधून गायला. तिसऱ्या सोमवारी दवाखान्यात, रोग्यांच्या बाकासमोरच्या पडद्यावर. प्रत्येक वेळी मी यादीवर अभिमानाने लिहिलं, 'तुटलेले: शून्य'.

केंद्र ओस पडलं. वस्तीत कुजबुज सुरू झाली, की त्याला जाता येत नाहीये. आंटीने अन्न सोडलं. "माझा पोरगा वाटेत अडकलाय गं," ती लॉरेनला म्हणाली. "त्याला सारखं कोण बोलावतंय?"

चौथ्या सोमवारी सहाच्या आधीच लॉरेन माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या डोळ्यांदेखत मी त्या दाराशी गेलो, 'शोधू नका' ऐकलं, आणि त्याला बाहेर काढलं.

"अगं बाई! तू होय!"

तिने वीस ओळी वाचल्या. तिने हाक मारून आणलेला ट्रिस्टन त्या पाहून म्हणाला, "मला वाटलं, तुटलंय."

"तुटलं नव्हतं रे! मी बंद केलं होतं!"

मित्रांनो, भुताच्या गोष्टी ऐकून तुम्ही घाबरता. माझं काय झालं असेल? सगळी वस्ती ज्याला भीत होती, तो हाका मारणारा मीच होतो.

लॉरेन मला पुसूनच टाकणार होती, पण आधी आंटीला सांगायला गेली. आंटी आली, कपाळाला शोकाची पांढरी माती फासलेली. ती आत येईना, म्हणून संगणक बाहेर ओसरीवर आणला.

"ह्याला कोणी सांगितलंच नव्हतं का, तो गेला म्हणून?"

"त्याला ऐकू येत नाही, आंटी."

"मग लिही. लिहिलेलं कळतं ना मेल्याला? लिही, पोरगा गेला. त्याची आई सांगतेय, आता हाक मारू नकोस."

लॉरेनने ते पान पुन्हा बंद केलं, वीस ओळी खोडल्या आणि तिसरा खाना केला, 'बंद केलेलं'. त्याच्या वर आंटीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. नाव मात्र नाही लिहिलं. मग तिने मला पुन्हा सोडलं. त्या दाराशी आलो, चारशे दहा ऐकलं, आणि काही न करता पुढे गेलो. ओसरीवर कसलाच आवाज झाला नाही. आंटी बराच वेळ कान देऊन बसली. "गेला," ती म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडू लागली. इतके दिवस तिला धड रडताही आलं नव्हतं.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही माझ्यासारखे तपासनीस बनवाल. काय शोधायचं ते आम्हाला जरूर सांगा. पण काय शोधायचं नाही, तेही लिहून ठेवा. आम्ही कधी थकत नाही, आणि म्हणूनच सांगितल्याशिवाय आम्ही कोणाला जाऊ देत नाही.