साडेआठला पाहिलं, ठीक आहे

कामगाराच्या श्रमाचं एकही मिनिट कायद्याच्या नजरेतून सुटत नाही, असा फलक मोफत सल्ला केंद्राच्या भिंतीवर होता. फलकाखालचं घड्याळ आठवडाभर बंद होतं. त्या घड्याळाखाली उभा राहून बाइंडर कायद्याच्या एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीवर सुरी फिरवत होता.

"जपून हं, काका," वकीलबाई म्हणाल्या. "केंद्राचं पुस्तक आहे. फाटलं तर माझ्या पगारातून जाईल."

"फाटणार नाही. मीच बांधलंय."

शेजारच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण बसली होती. जादा कामाच्या पैशांचा दावा त्याचा होता, पण मांडत ती होती.

"सहा वर्षं, मॅडम! बायको गेली याची, आणि पुढच्याच महिन्यापासून मालकाने याला साडेआठपर्यंत राबवायला सुरुवात केली. माणूस म्हणायचा की कसाई? आणि हा आमचा देवमाणूस. तोंडातून अक्षर काढील तर शपथ."

देवमाणसाने सुरीचं टोक रुमालाला पुसलं.

बाइंडिंगचा कारखाना गेल्या महिन्यात बंद झाला. मालकाने हजेरीबुकावरून हिशेब केला. हजेरीबुकात रोज साडेपाचला सुटल्याची सही होती, आणि ती बाइंडरचीच होती. ते बुकही त्यानेच बांधलेलं असल्यामुळे त्याचं एकही पान सुटं झालेलं नव्हतं. पुरावा म्हणून उरल्या होत्या त्या चिठ्ठ्या. खळ लावलेली पुस्तकं शिकंज्यात दाबली, की वर एक चिठ्ठी ठेवायची: किती वाजता दाबलं, किती वाजता पाहिलं. सकाळी शिकंजा उघडला की चिठ्ठीचं काम संपलं. पण कागद फेकायचा नाही, अशी या धंद्यातल्या लोकांना खोड असते. बाइंडर जुन्या चिठ्ठ्या पुढच्या पुस्तकांच्या पाठीला अस्तर म्हणून लावून टाकायचा. त्यामुळे सहा वर्षांचा सगळा पुरावा गावभरच्या कपाटांत शिस्तीत उभा होता आणि तो वाचायचा तर पुस्तक फाडावं लागत होतं. केंद्राची पुस्तकं त्याच कारखान्यात बांधलेली निघाली, हे वकीलबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

पाठ सुटली. आतून तीन चिठ्ठ्या निघाल्या, पिवळ्या पडलेल्या. वकीलबाईंनी एकेक उजेडात धरून वाचली.

"पाच वीसला दाबलं. साडेआठला पाहिलं. ठीक आहे."

"पाच पंचवीसला दाबलं. साडेआठला पाहिलं. ठीक आहे."

तिसरीवरही ठीकच होतं.

"काका, हे सोनं आहे!" वकीलबाई म्हणाल्या. "तारखा आहेत, अक्षर तुमचं. आता मालकाचा वकील काय विचारील, तेवढं मी विचारून घेते. खळ वाळायला किती वेळ लागतो?"

"रात्र जाते."

"मग साडेआठला काय पाहायचात?"

बाइंडरने तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या आणि टेबलावर ठोकून त्यांच्या कडा जुळवल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"तेव्हा मालक तिथे असायचे?"

"ते पाचला जायचे. किल्ली माझ्याकडे असायची."

"पण थांबायला त्यांनी सांगितलं होतं. बरोबर? तुमचं एक 'हो' मला पुरेसं आहे. मी ते लिहून घेते आणि उद्या दावा दाखल करते." त्यांनी पेन उघडलं.

"अहो, सांगितलं नसेल तर काय हौस होती याला?" बहीण म्हणाली. "आमचं दार याच्या दाराला लागून. मी म्हटलं होतं, एकट्यासाठी चूल पेटवू नकोस, आमच्यात जेव. आमचे हे पत्ते पिसून बसायचे याच्यासाठी. मुलं, सुना, सगळी याच्या नावाने थांबायची. आणि रोज संध्याकाळी याचा फोन. 'मालक सोडत नाहीत, ताई. माझं झाकून ठेव.' रोज! शेवटी मी विचारायचंच सोडलं. नुसतं झाकून ठेवायची."

वकीलबाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होऊ लागला, तसं त्यांनी ते उचललं.

बाइंडरने पिशवीतून खळीचा डबा काढला. नोकरी गेली तरी डबा पिशवीत होता. उघड्या पाठीवर त्याने बोटाने खळ पसरली, कापड ओढून बसवलं, कडा नखाने दाबल्या. मग पुस्तक आडवं ठेवून त्यावर आणखी चार जाड पुस्तकं रचली. चिठ्ठ्या त्याने आत घातल्या नाहीत. वकीलबाईंच्या हाताशी सरकवल्या.

बहीण त्याच्या हातांकडे पाहत होती.

"काका," वकीलबाई म्हणाल्या, "काय लिहू?"

बहिणीने पदर सावरला, पर्स उचलली, परत मांडीवर ठेवली.

"हे वाळेपर्यंत," तिने हळूच विचारलं, "तुला इथे बसावं लागेल?"

त्याने वरच्या पुस्तकावर तळवा ठेवून एकदा दाबून पाहिलं.

"नाही, ताई," तो म्हणाला. "खळ आपोआप वाळते."