शाळेच्या गाडीला सारंग

मानाजीराव म्हैसूरच्या जुन्या घोडदळातले शिलेदार. म्हणजे घोडा स्वतःचा आणि ऐट त्याहून स्वतःची. तीन पिढ्यांत घरात कुणी लढाई पाहिली नव्हती, पण मिशीचा पीळ कधी सुटला नव्हता. नोकरी संपली तरी सारंग नावाचा पंचकल्याणी घोडा दारात होता. खंडेनवमीला शिलेदारांच्या घोड्यांची रांग पुजली जाई, तेव्हा सारंगाचा मान पहिला. त्या रांगेचा एक नियम होता. गाडीला एकदा जरी जुंपला, तरी तो घोडा कायमचा बाद.

याच घोड्यावर बसून त्यांनी एकदा मुलींच्या शाळेच्या विशालाक्षीबाईंचा पाणउतारा केला होता. गोदाला शाळेत घाला, एवढंच सांगायला बाई दाराशी आल्या होत्या. हे गृहस्थ खालीसुद्धा उतरले नाहीत. "शाळेच्या गाडीत बसलेली पोर आणि गाडीला जुंपलेला घोडा, दोन्ही घराण्यातून गेले," असं म्हणून टाच मारून निघून गेले.

मग प्लेग आला. गोदाची आई सुमित्राबाई त्यात गेली. गावाबाहेरच्या झोपडीतून बापलेक घरी परतले, तर गल्लीतली माणसं त्यांच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावू लागली. सख्खी आत्या फिरकली नाही. सात वर्षांची गोदा बोलेनाशी झाली, नुसती भिंतीकडे बघत बसे. अशात एका सकाळी शाळेची एकबैली गाडी त्या दाराशी येऊन थांबली. आत विशालाक्षीबाई स्वतः होत्या. त्यांनी हात पुढं केला. गोदा उठली आणि गाडीत जाऊन बसली. मानाजीराव आडवे आले नाहीत. गाडी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, पुढं वर्षानुवर्षं येत राहिली. काही दिवसांनी पोर घरात एक कन्नड गाणं गुणगुणू लागली, तेव्हा बाप तबेल्यात जाऊन सारंगाच्या मानेवर डोकं टेकून रडला.

आज गोदाच्या वर्गाला निरोप होता. शिक्षण पुरं करून ती त्याच शाळेत शिकवायला राहणार होती. मानाजीराव ठेवणीतला फेटा बांधून तयार होते. बाईंना काय म्हणायचं ते घोकून ठेवलं होतं, पण दरवेळी पहिल्याच शब्दाला गाडं अडत होतं.

तेवढ्यात शाळेचा गाडीवान निंगय्या धापा टाकत आला. "बैल बसला, स्वामी. कोपऱ्यावरच बसला. उठत नाही."

गाडीत पडद्याआड चार मुली खोळंबल्या होत्या. मोठ्या मुलींना भर रस्त्यातून चालवत न्यायला त्या काळी घरचे तयार नसत, आणि लग्नसराईत भाड्याचा झटका, म्हणजे तिकडचा टांगा, मिळेना. एकीचा काका तिला परत घरी न्यायला आलासुद्धा.

"होगली बिडी, अप्पा," गोदा म्हणाली. "नाही गेलं तर नाही गेलं." पण तिचा आवाज चिरकला होता.

मानाजीरावांनी तबेल्याकडे पाहिलं. शेजारचे दत्तोजीराव त्यांच्याच तुकडीतले, त्यांनी ती नजर ओळखली. "मानाजी, वेड लागलं काय रे? नवमीला त्याला कुठं उभं करशील?"

"घरीच," मानाजीराव म्हणाले.

झटकेवाल्याच्या घरून जुना गळपट्टा आणला. पट्टा चढला तसा सारंग थरथरला, कान पाडून उभा राहिला, हलेना. मानाजीरावांनी चाबूक घेतला नाही. पुढं झाले, लगाम धरला आणि चालू लागले. धन्यामागं घोडा निघाला, घोड्यामागं गाडी. चामराजपुरमच्या रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. "कुठली मोहीम हो, राव?" कुणीतरी ओरडलं. रावांनी मान वळवली नाही.

फाटकाशी विशालाक्षीबाई उभ्या होत्या. मुली उतरून आत पळाल्या. बाई मात्र घोड्याकडे पाहत राहिल्या. त्या काही विसरल्या नव्हत्या.

घोकलेलं सगळं मानाजीराव विसरले. "बाई, तेव्हा मी खाली उतरलो नव्हतो," ते म्हणाले. "आज पायी आलोय. माझ्या दाराशी काळं कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा तुमची गाडी आली. माझी पोर तुम्ही मला परत दिलीत." आणि शिलेदार फक्त महाराजांपुढं वाकत, तसं वाकून त्यांनी बाईंना मुजरा केला.

खंडेनवमी आली. पलीकडे शिलेदारांचे ताशे वाजत होते. दत्तोजीरावांनी नियमाप्रमाणे बोलावणं धाडलं नाही, बाकीचेही तोंड चुकवून गेले. मानाजीरावांनी दार लोटून घेतलं. सारंगाला खरारा केला, पण कपाळी कुंकू लावायचं धैर्य होईना. ताशांच्या आवाजानं तो सारखा कान टवकारत होता, ते त्यांना बघवेना.

बाहेर चाकं थांबल्याचा आवाज झाला. गोदानं दार उघडलं. शाळेची गाडी होती, बरा झालेला बैल होता, आणि आत झेंडूच्या माळा घेऊन विशालाक्षीबाई बसल्या होत्या.

"बन्नी, राव, या," त्या म्हणाल्या. "शाळेत गाडीची पूजा खोळंबलीय. ज्यानं ती ओढली तो घोडा आधी पुजायचा ना?"

मानाजीरावांनी सारंगाला सोडलं आणि त्याचा लगाम धरून ते गाडीमागून चालू लागले.