आमच्या ह्यांचं पाणी

सात वर्षं राजश्री कुवेतमधल्या प्रत्येक हळदीकुंकवाला एकच सांगत आली होती, "आमचे हे पाणी खात्यात आहेत." खोटं नव्हतं हो ते, पण खरंही अर्धंच. हरिश्चंद्र होता सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात. साऱ्या शहराच्या संडास-मोऱ्यांचं पाणी जिथे येऊन पडतं तिथे! अहमदीतल्या तेल कंपनीवाल्यांच्या बायकांपुढे हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि हरिश्चंद्रही असा गरीब, की बायकोच्या शब्दाखातर चारचौघांत कामाचं नावच काढत नसे.

नव्याण्णवच्या जानेवारीत मराठी मंडळाची सहल जहऱ्याच्या राखीव पाणथळावर गेली. उंच गवतापलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, शंभर-सव्वाशे तरी असतील. बायका पुऱ्यांचे डबे उघडायचं विसरल्या.

"ह्या वाळवंटात एवढं पाणी आलं कुठून?" मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव म्हणाले.

तिथल्या राखणदारानं, उस्माननं, हिंदीत सरळ सांगून टाकलं. शहराच्या गटारांचं पाणी, साफ करून इकडे सोडलेलं.

झालं. दोघीतिघींचे रुमाल नाकाला गेले. "म्हणजे इतका वेळ आपण गटारच बघत होतो की," शशिकांतराव म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

राजश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून दुर्बिणीची काच पुसत होता. आपल्यासाठी गप्प बसलाय हे तिला कळलं आणि मग तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

"गटार असतं तर ही पाखरं हजार मैलांवरून झक मारायला आली असती का, शशिकांतराव? हे पाणी आमच्या ह्यांच्या हातचं आहे. सांडपाण्याच्या केंद्रात आहेत ते. मीच लपवून ठेवलं होतं, चुकलं माझं."

शशिकांतरावांनी चष्मा सारखा केला. "हरिभाऊ," ते जरा वरमून म्हणाले, "पण त्या घाणीचं असं पाणी करता तरी कसं?"

हरिश्चंद्र आधी अडखळला. मग गाळ कसा खाली बसवतात, पाण्यात हवा कशी सोडतात, घाण खाणारे जंतू लेकरांसारखे कसे जपावे लागतात, हे सांगता सांगता त्याचे हात चालू लागले. माणसं कोंडाळं करून ऐकू लागली. राजश्रीचा ऊर अभिमानानं भरून आला. सात वर्षांत तिनं त्याला हे कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, जरा मोठ्यानं," ती म्हणाली, "मागच्यांना ऐकू येत नाहीये."