डोळ्यांविना खंड्या

कमळाकरभाऊंना या उद्योगातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या सभागृहात मधली खुर्ची, एक शाल, पाहुण्यांना चिकटून फोटो, आणि पुढची दहा वर्षं रोह्याच्या बाजारात ज्याला त्याला ऐकवायला एक गोष्ट. यात वाईट काही नाही. माणूस खोटाही नव्हता. कागदाचे गठ्ठे स्कूटरला बांधून तो रोह्याहून थेट पेणजवळच्या हमरापूरपर्यंत यायचा. फक्त उपकार केला की त्याची पावती लगेच हातात पडावी, एवढीच त्याची खोड. ती तुमच्याआमच्यातही आहे, म्हणून तर ही गोष्ट.

हमरापूरला बायजाकाकींचा गणपतीचा कारखाना. गणपती गेले की तिथे महिनाभर शुकशुकाट असतो. दिवाळीच्या शुभेच्छा अजून पोस्टाने जायच्या, तेव्हाची गोष्ट. त्या रिकाम्या कारखान्यात वाडीवरच्या सहा कातकरी बायका भेटकार्डं करायला बसल्या होत्या. चिमा त्यांची म्होरकी. तिने जुन्या रबरी चपलांचे तळ कोरून ठसे केले होते: भाताची लोंबी, होडी, आणि खाडीवर टपून बसणारा खंड्या पक्षी. ठसा शाईच्या गादीवर दाबायचा, जाड कागदावर उठवायचा, मग गणपतीच्या मुकुटांचे उरलेले खडे आणि सोनेरी लेस डिंकाने चिकटवायची. खंड्याचा डोळा मात्र ठशात नव्हता. तो चिमा सगळ्यात शेवटी बारीक कुंचल्याने काढायची. मूर्तीचे डोळे काढणं, ज्याला तिथे आखणी म्हणतात, ते तिला बायजाकाकींनीच शिकवलं होतं.

भाऊंच्या ओळखीने रोह्याकडच्या एका कंपनीने खंड्याची पाचशे कार्डं सांगितली. रविवारी अष्टमीत समारंभ करून ती साहेबांच्या हातात द्यायची. गुरुवारी कार्डं झाली, फक्त डोळे राहिले, आणि कमळाकरभाऊ आणखी एक शिक्का घेऊन आले. हा चपलेचा नव्हता, दुकानातून करून आणलेला होता. प्रत्येक कार्डाच्या मागे मारायचा.

"काय लिवलाय त्याच्यावर?" चिमाने विचारलं.

भाऊंनी घसा साफ केला. "निराधार आदिवासी भगिनींच्या हातून. आपल्या मदतीने त्यांची चूल पेटते."

"निराधार कोन?"

"तुम्हीच की सगळ्या."

कोपऱ्यात खडे चिकटवत बसलेली धोंडी म्हणाली, "माझा नवरा दारात जाळं विणत बसलाय. त्याला जाऊन सांगू काय, तू नायस म्हनून?"

बायका हसून लोळल्या. भाऊंना हसू आलं नाही.

"अगो, हे वाचलं की लोक घेतात. कंपनीला तर हे हवंच आहे."

"कार्ड बघून घेत नाय?"

"घेतात. कमी घेतात."

चिमाने तो शिक्का हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. "भाऊ, चूल मी पेटवते. ह्यो मारायचा नाय."

"मग मी मारतो. माझे हात मोकळे आहेत."

"मारा. डोळं मी काढत नाय."

तिने कुंचला धुतला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

भाऊंनी तोही प्रयत्न करून पाहिला. एका खंड्याला त्यांनी जीभ दातांत धरून डोळा काढला. धोंडीने वाकून बघितलं. "ह्यो ताडी पिऊन आलाय."

मग भाऊ बायजाकाकींकडे वळले. "काकी, तुम्ही काढा. शिकवलंत तुम्हीच."

बायजाकाकी साच्यांवरची धूळ झटकत होत्या. "कमळाकर, दर वर्षी माझ्याकडून गणपती नेतोस. औंदा माझ्या शेतात खारं पाणी शिरलं, भात गेला. मूर्तीच्या पाठीवर लिवून देऊ तुला? बायजाचं भात गेलं, म्हनून हा गणपती घ्या?"

"काहीतरीच काय, काकी."

"तू मूर्ती बघतोस, पटली तर नेतोस. मग हिचा पक्षी बघायला तुला हिची चूल कशाला लागते?"

"मी यांच्या भल्यासाठीच करतोय."

"व्हय, म्हनून तर बोलते. भलं करायला आलास नि जाताना तिला मान खाली घालायला लावून चाललास. डोळं काढल्याबिगर माझ्या कारखान्यातून काय बाहेर जात नाय. नि मी पन काढत नाय."

हातात काहीतरी हवं म्हणून कमळाकरभाऊंनी एक कार्ड उचललं. इतके दिवस त्यांनी कार्डं मोजली होती, बांधली होती, वाहिली होती. नीट पाहिलं आज पहिल्यांदा. पाण्यावर झुकलेला खंड्या, पंखाच्या टोकाला एकच निळा खडा, मान अशी की आता खाली सूर मारेल.

"हा झेप घेणार आहे," ते पुटपुटले.

"डोळं असलं तर," चिमा म्हणाली.

भाऊंनी शिक्का खिशात टाकला. "कंपनी पाचशे घेणार नाही, आधीच सांगतो. नुकसान तुमचं होईल."

"व्हऊ दे. आमचंच हाय ना?"

तिने डब्याचं झाकण उघडलं.

रविवारी साहेबांनी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी. त्यांनी भाऊंना विचारलं, "कोणी केलीत, काही माहिती नाही?"

भाऊ मधल्या खुर्चीवरून उठले. "ज्यांनी केलीत त्या पहिल्या रांगेत बसल्यात. रंगाचं, ठशाचं काय विचारायचं ते त्यांनाच विचारा." आणि ते जाऊन मागच्या रांगेत बसले. साहेबांना विचारण्यासारखं काही सुचलं नाही. त्यांनी दोनशे घेतली.

आता कोणाला काय किंमत पडली ते बघू. भाऊंची शाल हुकली, फोटोही. गोष्ट मात्र त्यांना मिळाली, आणि ती ते स्वतःवर हसून सांगतात. तीनशे कार्डं हमरापूरला परत आली. काही पेणच्या बाजारात खपली, काही अजून बायजाकाकींच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. म्हणजे खरा भार त्या सहाजणींनीच उचलला, कोणासमोर हात न पसरता. तेव्हा मंडळी, कुणाच्या हातची वस्तू घेताना वस्तू बघा. पटली तर घ्या, नाही पटली तर ठेवा, पण घेतल्याबद्दल त्याच्या गरिबीची जाहिरात मागू नका. एवढं पाळायला तुम्हाआम्हाला काहीच किंमत पडत नाही. त्यांना तीनशे कार्डांची किंमत पडली, आणि ती त्यांनी भरली.