गौरीकडे जाणारा बाण

मी अविनाशकाकांची डावपेचांची पाटी बोलतेय. हातभर लांब, पांढरी. अंगावर बास्केटबॉलचं मैदान छापलेलं आणि खेळाडूंच्या नावांची चुंबकं चिकटवलेली. काकांच्या वाढदिवसाला त्यांच्या बँकेतल्या लोकांनी मला त्यांना भेट म्हणून दिलं आणि काका कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मुलींचे प्रशिक्षक झाले. हातात पाटी आली की माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं.

खरं सांगते, काकांना एकच डाव येतो. चेंडू पुढे नेणारी गार्ड म्हणजे ऋचा. तिने तो बास्केटखाली उभ्या असलेल्या उंच गौरीला द्यायचा, की काम झालं. काकांनी तसा ठसठशीत बाण माझ्यावर काढला आणि आम्ही जिंकतही होतो.

मग गौरीच्या वडिलांची भोपाळला बदली झाली. आमच्या मंडळात हे नेहमीचंच. श्रीखंड झालं, फोटो झाले, गौरी गेली. बाण राहिला.

"काका, मी बॉल कोणाला देऊ? तिथे कोणीच नाहीये," ऋचा कळवळून म्हणायची.

"तू पास नीट दे. डाव चोख आहे!"

चेंडू बाहेर जायचा आणि बोलणी ऋचाला बसायची. पोरीत दमच नाही, असं मंडळाने चहा पिता पिता ठरवून टाकलं. तिला बाकावर बसवलं. ती खेळच सोडायला निघाली होती. मला फार वाईट वाटलं.

एका सामन्यानंतर सॉल्ट लेकच्या एका क्लबच्या प्रशिक्षक शर्मिष्ठादी तिला बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "तुम हर बार पास क्यों देता है? खुद मारो! हमारे साथ आओ।"

ऋचा गेली. गेल्या रविवारी तीच आमच्यासमोर उभी ठाकली. शर्मिष्ठादींच्या उंच मुली आमच्या पोरींच्या वाटेत आडव्या उभ्या राहायच्या, ऋचाला क्षणभर मोकळी जागा मिळायची आणि चेंडू थेट बास्केटमध्ये. आमचा पार धुव्वा उडाला. काका मात्र छाती फुगवून सगळ्यांना सांगत होते, "मीच घडवलीय तिला!"

काल नवी गार्ड आली, मानसी. काकांनी माझ्यावर बोट ठेवलं. "सोपं आहे. चेंडू आणायचा आणि गौरीला द्यायचा."

"काका, गौरी कोण?"

काका वैतागून म्हणाले, "आधी डाव समजून घे."

अहो, कुणीतरी ओला फडका आणा आणि मला पुसा. ही पोरगी बाकावर जायच्या आत.